लाल पट्ट्याला पांढरी कड

३ फेब्रुवारी

काका,

नमस्कार. मागे तुम्हाला एका भिंतीचा फोटो फोनवर पाठवला होता, तेव्हा तुम्ही म्हणालात, "फोनमधला रंग म्हणजे भाडोत्री साक्षीदार, ज्याच्या हातात असेल त्याच्यासारखं बोलतो." म्हणून या वेळी टपालानं लिहिते आहे आणि खरा रंग लावलेला कार्डाचा तुकडा सोबत टाचला आहे. आधी नीट बघा, मग शिव्या घाला.

काम आहे दातांच्या दवाखान्याच्या सजावटीचं. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "माणसं आधीच घाबरून येतात, त्यांना शांत वाटलं पाहिजे." मी शांत करून दिलं. भिंती फिकट राखाडी, खुर्च्या त्याहून जराशा गडद, पडदे मातकट, फरशी वाळूच्या रंगाची. तीन महिने खपले त्यात. काल डॉक्टरबाई वाट बघायच्या खोलीत दहा मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या, "छानच आहे. पण इथे बसलं की वाटतं, आपण आधीच गेलोय." तेवढ्यात एका माणसानं दार ढकलून आत डोकावलं, "बंद दिसतंय" म्हणाला आणि निघून गेला. सगळे दिवे चालू होते, काका.

आता तुम्ही म्हणाल, माझ्याकडे ये, पोपटी देतो. नको. मी त्या घरात सुट्ट्या काढल्यात. दुकानांचे बोर्ड रंगवून उरलेला तुमचा रंग वाया जाऊ नये म्हणून बैठकीची खोली पोपटी, स्वयंपाकघर नारिंगी, मोरी जांभळी. काकू म्हणायची, "घर आहे का सर्कशीचा तंबू?" खरं सांगू, माझा अर्धा धंदा म्हणजे त्या घरावर उगवलेला सूड आहे. दादाचं, तुमच्या लाडक्या लेकाचं, घर मी केलं तेव्हा तो पूर्ण उगवून झाला. मोतिया, सायीचा, शुभ्र, एका रंगानं दुसऱ्याला धक्कासुद्धा लावला नाही. मासिकात फोटो आले.

फक्त काकूला ते आवडलं नाही. गेल्या वर्षी ती तीन आठवडे तिथे राहिली ती खिडकीजवळच्या एका खुर्चीत बसूनच. मी विचारलं, "कसं वाटलं घर?" तर म्हणाली, "स्वच्छ आहे." चाळीस वर्षं तुमच्याकडे शांत भिंती मागणारी बाई! मला ते लागलं होतं. असो. दवाखान्याचं सांगा. एकच रंग घालायची परवानगी देते, पोपटी सोडून.

तुमची,
खडू


११ फेब्रुवारी

खडू,

लहानपणी पाटीवर लिहिण्यापेक्षा खडू खाल्लास जास्त, म्हणून तुझं नाव खडू पडलं. आता तोच भिंतींना फासत सुटलीस. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार. तुझा कार्डाचा तुकडा मी आधी पत्र वाकू नये म्हणून घातलेला पुठ्ठा समजलो आणि बाजूला टाकला. मग पत्र वाचल्यावर शोधत बसलो.

एक गोष्ट ऐक. उस्तादांकडे बोर्ड रंगवायला शिकत होतो तेव्हा पहिल्याच दुकानाच्या बोर्डावर मी पाच भडक रंग वापरले. माझी छाती फुगलेली. उस्तादांनी मला भर बाजारात नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "ऐक आणि सांग, कोण काय विकतंय." मला काही कळेना, सगळेच ओरडत होते. तेव्हा म्हणाले, "एकाचं ऐकू यायचं तर नऊ जणांना गप्प बसावं लागतं. ओरडणं कुणालाही येतं रे. नऊ जणांना गप्प बसवायचं, हे आपलं काम."

तू नऊ जण गप्प बसवलेस, शाबास. पण दहाव्याला बोलूच दिलं नाहीस. सभा भरवली आणि वक्त्यालाच बोलावलं नाही, असं झालंय तुझं. आता हा दहावा कोण, ते तुझ्या आवडीवर नाही, पेशंटच्या गरजेवर ठरेल. दातवाल्याकडे गेलेल्या माणसाला सगळ्यात जास्त काय बघावंसं वाटतं? बाहेर जायचं दार. माझी दाढ काढायला नेलं होतं तेव्हा मी सबंध वेळ तेच शोधत होतो. ते दार आतल्या बाजूनं पिवळंधमक कर. बाकी कशाला हात लावू नकोस. पिवळा कोणता, तो खाली कोपऱ्यात लावलाय. दोन दिवस वाळवूनच घडी घातली आहे.

इकडे सगळं ठीक. हातात काम नव्हतं म्हणून घर रंगवून काढलं. सगळ्या भिंती फिकट राखाडी. पोपटी गेला, नारिंगी गेला, जांभळाही गेला. काकू खूश आहे. सध्या चहा मी करतो. बरा जमायला लागलाय.

तुझा काका


१९ फेब्रुवारी

काका,

राखाडी? तुम्ही?

मी ते वाक्य तीनदा वाचलं. पत्र तुमचंच आहे ना म्हणून अक्षरसुद्धा तपासलं. ज्या माणसानं सायकलच्या चाकाच्या तारा दोन रंगांत रंगवल्या, तो सगळ्या घराला राखाडी लावतो आणि वर "काकू खूश आहे" असं एका ओळीत उरकतो? आणि चहा तुम्ही करता? काकूनं तुम्हाला कधी पातेल्याला हात लावू दिला नाही. तुमचं भांडण झालंय का? की तुमची तब्येत बरी नाही? माणूस खचला की त्याला रंग नकोसे होतात, असं मी कुठंतरी वाचलंय. तुम्ही सांगणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी दादाला फोन केला.

तोही घाबरला. म्हणाला, "बाबांनी घर राखाडी केलं म्हणजे प्रकरण साधं नाही." त्याला वीस मार्चनंतर चार दिवस सुट्टी आहे, तेव्हा तो येतोय. तिथलं सगळं बघून, जमलं तर दोघांना कायमचंच घेऊन येईन म्हणाला. मला हायसं वाटलं. इतक्या लांब तुम्ही दोघंच, कुणाचं लक्ष नाही.

दवाखान्याचं मात्र जमत नाहीये. पेशंट आत शिरल्या शिरल्या त्याला पळायची वाट दाखवू? डॉक्टरबाई मला त्याच दारानं बाहेर काढतील. त्यापेक्षा मी नोंदणीच्या टेबलामागची भिंत नारिंगीकडे झुकणारी गुलाबी केली. एकच रंग, तुमच्या उस्तादांच्या नियमाप्रमाणे. डॉक्टरबाईंनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "सुजलेली हिरडी." आता ती पुन्हा राखाडी करायला माणूस लावलाय.

लवकर लिहा. आणि खरं लिहा.

खडू


२६ फेब्रुवारी

खडू,

भला मोठा उपद्व्याप करून ठेवलास. तुझं मन चांगलं आहे म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय, नाहीतर परवाच चार शब्द सुनावले असते. मी खचलेलो नाही. भांडण झालेलं नाही. दादाला बोलावलंस ते मात्र व्हायला नको होतं. आता सगळं सांगतो, पण पोटात ठेव.

काकूला दिसत नाही नीट.

मागच्या दिवाळीत घेतलेल्या चष्म्याचा दोष असेल, असं ती आधी म्हणायची. मग एकदा दूध ओतताना कपाच्या बाहेर ओतलं. पांढरा कप, पांढरा ओटा, पांढरं दूध. हसली आणि पुसून घेतलं. दुसऱ्यांदा झालं, मीही हसलो. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मला हसू आलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. आतल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय म्हणाले. त्याला ऑपरेशन नाही, चष्मा नाही. कडेकडेचं दिसतं, मधलं पुसट. फिकटावर फिकट असेल तर काहीच नाही. आहे तेवढं सांभाळायचं.

त्या दिवशी घरी येताना मी रस्त्यावरचे माझेच जुने बोर्ड बघत होतो. धावत्या माणसाला दुरून वाचता यावं म्हणून मी चाळीस वर्षं अक्षरं रंगवली. म्हटलं, आता एकच गिऱ्हाईक उरलंय, तिच्यासाठी रंगवू. पोपटी दारावर पिवळी कडी तिला दिसेना. म्हणून आधी नऊ जण गप्प बसवले, तोच तुझा राखाडी. मग जिथे हात जायला हवा तिथेच रंग. दार गडद तपकिरी, त्यावर कडी पिवळी. दिव्याची बटणं गडद निळी. ओट्यावर काळी फरशी बसवली, त्यावर पांढरे कप कसे दिसतात बघ येऊन. ओटा झाल्यावर तिसऱ्या दिवशी काकूनं माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि म्हणाली, "पुरे झाला तुमचा काढा." इतका आनंद मला कधी कुणी शिव्या घातल्याचा झाला नव्हता.

एकाच ठिकाणी घोटाळा झाला. मागच्या अंगणात उतरायच्या तीन पायऱ्या मी गडद राखाडी केल्या आणि काठाला लालभडक पट्टा मारला. दोन्ही रंग समासात लावलेत, बघ. तो लाल शंभर पावलांवरून दिसतो. तरी गेल्या रविवारी तिचा पाय चुकला आणि घोटा मुरगळला. घाईत असेल. आता लंगडतेय, आणि दादा येणार वीस तारखेनंतर. त्यानं हे पाहिलं की एक शब्द न ऐकता दोघांना उचलून नेईल. मुलगा चांगला आहे, तिथेच तर पंचाईत आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं.

पुढचं लिहू का नको, असं झालंय. पण तू लिहिलं होतंस की काकूला दादाचं घर आवडलं नाही. अगं, तिला ते दिसलंच नाही. पांढऱ्या भिंतीत पांढरं दार, त्यावर पांढरी मूठ, पांढऱ्या बेसिनवर पांढरा नळ. पहिल्याच दिवशी ती न्हाणीघर समजून कपाटात शिरली. कुणी बघितलं नाही, पण ती जी धसकली ती जागची हललीच नाही. कुणी हात दिला तर उठायची. मी तेव्हा एका शाळेच्या बोर्डात अडकलो होतो, बरोबर नव्हतो. मला तिनं हे आत्ता महिन्यापूर्वी सांगितलं. म्हणाली, "त्या घरात मी माणूस नव्हते हो, खुर्ची होते."

तिला इथे राहायचंय. आपल्या हातानं चहा करायचा, आपल्या पायानं अंगणात जायचं, एवढंच मागणं आहे तिचं. दादाला काही कळू देऊ नकोस.

काका


५ मार्च

काका,

पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेले नाही. मासिकातले ते फोटो काढून बघत बसले. एका फोटोत मागे काकू आहे. खिडकीजवळ, त्या खुर्चीत. मी छायाचित्रकाराला म्हटलं होतं, "ती असू दे, बरं दिसतं." मला माझीच लाज वाटली. मी मनात म्हणत होते की काकूला कौतुक करता येत नाही, आणि ती बिचारी भिंतीत दार शोधत होती. तिला माझ्यातर्फे काहीतरी सांगा. काय ते मला सुचत नाही.

दादाला मी काही बोलले नाही. पण आता जे लिहिते ते नीट वाचा आणि रागावू नका. काकू घाईत नव्हती.

तुमच्या पत्रांतले रंगाचे तुकडे मी कामाच्या फायलीत झेरॉक्स काढून लावते, मूळ पत्र घरी ठेवते. कचेरीतलं यंत्र जुनं आहे, फक्त काळं-पांढरं काढतं. परवाच्या पत्राचा तेवढा समास काढला आणि बघते तर समासात एकच काळपट ठोकळा. राखाडी कुठे संपतो आणि लाल कुठे सुरू होतो, कळेना. मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा काढलं, तेच. झेरॉक्स सोबत पाठवते, तुम्हीच शोधा तुमचा लाल.

डोळा दोन वेगळ्या गोष्टी बघतो, काका. रंग कोणता आणि उजेड किती. लाल भडक असतो, पण उजळ नसतो. तुमच्या माझ्या डोळ्यांना त्याचा भडकपणा पुरतो. काकूच्या डोळ्यांना आता उजेडातला फरकच काय तो कळतो, आणि तुमच्या गडद राखाडीत आणि त्या लालमध्ये तो फरक नाहीच. तिला तिथे पट्टा दिसत नसणार, सरळ उतारच दिसत असणार. पिवळी कडी, पांढरे कप दिसतात ते तेवढ्यासाठीच.

आणि हे तुम्हाला माहीत आहे! तुमच्या एकूण एक बोर्डावर लाल अक्षराला पांढरी कड आहे. मी लहानपणी तुमच्या शेजारी बसून ती बघितली आहे, बारीक कुंचल्यानं, श्वास रोखून काढायचात. मग पायरीला का नाही दिली? द्या. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं पांढरी. आजच द्या.

आणखी एक. दादाला तुम्ही सांगाच, असं मला वाटतं. पण हे तुमचं घर आहे, मी आधीच एकदा नको तिथे बोलून बसले आहे.

ता.क. दवाखान्याचं दार पिवळं केलं. डॉक्टरबाई आधी नाही म्हणाल्या, मग हसायला लागल्या. काल एक आजोबा दाराकडे तोंड करून बसले होते. मी विचारलं, "भीती वाटतेय का?" तर म्हणाले, "वाटतेय. पण वाट उघडी आहे, मग बसतो थोडा वेळ." तुम्ही जिंकलात.

खडू


१२ मार्च

खडू,

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तुझी झेरॉक्स मी उजेडात धरली, उलटी धरली, चष्मा लावून, चष्मा काढून बघितली. माझा लाल काही सापडला नाही. चाळीस वर्षं लाल अक्षराला पांढरी कड देत आलो. का द्यायची, हे कधी विचारलं नाही. उस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "लालला एकटा सोडायचा नाही," म्हणून सोडला नाही. मला वाटायचं ती शोभा आहे. पायरी म्हणजे काही बोर्ड नव्हे, तिथे कशाला शोभा, म्हणून वगळली. हाताला अक्कल होती, डोक्याला नव्हती. काकूचा घोटा माझ्यामुळे मुरगळला, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, आता तुम्ही मला कशावरून बोलणार नाही वर्षभर."

त्याच दुपारी कड दिली. गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा एका पायरीवर बसायचं, दुसरी रंगवायची, मग सरकायचं. दोन दिवस वाळू दिली. घोटा आता जवळजवळ बरा आहे. काल सकाळी काकू दारात उभी राहिली, खाली बघितलं आणि कठड्यावरचा हात काढला. मी मागे हात पुढे करून उभा, पडली तर धरायला. एक, दोन, तीन. अंगणात पोचली आणि मागे वळून म्हणाली, "असे हात काय पसरलेत? घोरपड दिसताय." रडलो थोडा. तिला दिसलं नसावं.

दादाला सांगायचं म्हणतेस, ते मला पटत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. चहा ती करेल, पायऱ्या उतरेल, त्याला काही कळणार नाही. आम्ही सराव करतोय. तो कुठे बसेल, ती कुठून येईल, वर्तमानपत्र पुढे केलं तर मी कसं ओढून घ्यायचं, सगळं ठरलंय. काकू म्हणते मी नाटकात असतो तर पहिल्याच अंकात पडदा पाडायला लागला असता.

तिला तुझं पत्र वाचून दाखवलं, खुर्चीच्या फोटोचं सोडून सगळं. ते मला वाचवेना.

काका


२७ मार्च

खडू,

हे पत्र मी लिहिते आहे. ह्यांच्याकडून जाड काळा पेन आणि चित्रकलेचे मोठे कागद घेतलेत. एका पानावर सहा ओळी मावतात. पाकीट जड लागलं तर घाबरू नकोस, आत अक्षरंच आहेत.

आधी एक कबुली. तो लाल पट्टा मला पहिल्या दिवसापासून दिसत नव्हता. ह्यांनी दोन दिवस उकिडवं बसून तो मारला, आणि कंबर धरून उठत विचारलं, "दिसतो ना गं?" मी म्हटलं, "लखलखीत." काय सांगणार होते? चाळीस वर्षं ह्यांच्या रंगांना नावं ठेवली. आता ह्यांनी माझ्यासाठी एक रंग लावला आणि तोच नेमका दिसेना. त्या भलेपणात घोटा गेला. तू ते यंत्रातून काढलंस म्हणून बरं, नाहीतर मी अजून पाय चाचपत उतरत असते.

दुसरं. ह्यांनी तुझ्या पत्रातलं काहीतरी गाळलं, ते मला कळलं. वाचताना मध्येच खोकले. तो खोकला मी ओळखते. त्यांना मागे लागून तेही वाचायला लावलं. फोटोबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. तू मला विचारलं होतंस, घर कसं वाटलं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की मला दिसत नाही. मी म्हटलं, स्वच्छ आहे. चूक दोघींची आहे, अर्धी अर्धी वाटून घेऊ.

आता दादाचं. तो आला, चार दिवस राहिला. आमचं नाटक उत्तम झालं. चहा केला, एक थेंब सांडला नाही. पायऱ्या उतरले. वर्तमानपत्र ह्यांनी ओढून घेतलं, जरा जास्तच जोरात, ते फाटलं. दादाला घर आवडलं. राखाडी का केलं विचारलं, तर हे म्हणाले, "वय झालं, अक्कल आली." तो हसला. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं सामान दाराशी ठेवलं. मला वाटलं, सुटलो.

बूट घालता घालता तो थांबला. म्हणाला, "आई, एक विचारू? तू माझ्याकडे बघत का नाहीस?"

मी म्हटलं, बघते की.

"नाही बघत. वर्ष झालं. माझ्या घरी राहून गेलीस तेव्हापासून. माझ्याशी बोलतेस आणि बघतेस माझ्या कानाकडे. मी काय केलं, ते तरी सांग."

खडू, मला मधलं दिसत नाही. समोर बघितलं की माणसाच्या तोंडाच्या जागी नुसता डाग येतो. थोडं बाजूला बघितलं की तो माणूस कडेला सरकतो आणि दिसतो. म्हणून मी त्याच्या कानाकडे बघायचे. त्याच्याचकडे बघत होते गं, जेवढं बघता येईल तेवढं. आणि तो वर्षभर मनात घेऊन बसला होता की आई रागावली आहे. मी घर वाचवायला लपवत होते आणि इकडे मुलगा हातचा जात होता.

सांगून टाकलं सगळं. एक बूट पायात, एक हातात, तसाच जमिनीवर बसून तो रडला. एवढा मोठा बाप्या. मग उठला आणि म्हणाला, "चला. दोघंही. आत्ताच्या आत्ता." मला ठाऊकच होतं. मी म्हटलं, "येते. आधी मागे चल." पुढे मी, मागे तो. कडी काढली. कठड्याला हात न लावता तीन पायऱ्या उतरले. अंगणातला नळ सोडला, बादली अर्धी भरली, बंद केला, बादली घेऊन वर आले. तो खालीच उभा होता. त्या पट्ट्यांवरून, पांढऱ्या कडांवरून बोट फिरवत होता. मी म्हटलं, "तुझ्या घरी मला चमचासुद्धा सापडत नाही. इथे मी सगळं करते. मला इथून नेशील तर आंधळी करून नेशील."

तो वर आला. मग ह्यांना म्हणाला, "बाबा, हे माझ्या घरी कोण करून देईल?" हे म्हणाले, "ज्यानं घर पांढरं केलं त्यानंच निस्तरावं." म्हणजे तू. आम्ही इथेच राहणार, आणि अधूनमधून आठ दिवस त्याच्याकडे जाणार, असं ठरलं. सगळं घर नासवू नकोस. दारं, मुठी, नळ, बटणं, ओटा, बस. तुझ्या भिंती राहू देत. त्या चांगल्या आहेत. मला चाळीस वर्षं तसल्याच हव्या होत्या. त्यानं जाताना माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "कुठून दिसतो मी? इकडून?" मी म्हटलं, थोडा डावीकडे सरक. सरकला. दिसला. दाढी करायला झाली होती त्याची.

त्याचं काम हातात घ्यायच्या आधी इकडे येऊन जा. आम्ही कसं राहतो ते बघ, मग तुला विचारत बसावं लागणार नाही. पुढच्या महिन्यात कधीही ये, कळवायची गरज नाही. फक्त एक कर. तू कायम राखाडी, मातकट, धुऊन विटल्यासारखं काहीतरी घालतेस. आमच्या भिंती आता त्याच रंगाच्या आहेत. तशी दारात येऊन उभी राहिलीस तर मला भिंतच दिसेल. म्हणून येताना चांगलं भडक काहीतरी घालून ये. तू तोंड उघडायच्या आधी मला कळू दे, की तू आलीस.

काकू